हेलिकॉप्टर आणि तारांची धडक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न वाचकांनी वेळोवेळी पाठवलेले आहेत. काही वैमानिक होऊ पाहणाऱ्यांचे आहेत, काही अपघाताची बातमी वाचून पडलेले आहेत, तर काही आपल्याकडच्या मैदानात हेलिकॉप्टर उतरणार म्हणून तयारीला लागलेल्या मंडळींचे आहेत. पुनरुक्ती टाळण्यासाठी आवश्यक तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘वायर स्ट्राइक’ म्हणजे नेमके काय? विजेचा धक्का बसून हेलिकॉप्टर पडते का?

हवेत असलेल्या हेलिकॉप्टरचा किंवा विमानाचा कोणताही भाग ताणलेल्या तारेला लागला, की त्याला वायर स्ट्राइक म्हणतात. ती तार विजेचीच असली पाहिजे असे नाही. टेलिफोनची किंवा फायबरची केबल, रोपवेचा दोर, डोंगरउतारावरून लाकूड खाली आणण्यासाठी हंगामापुरता बांधलेला पोलादी दोर, उंच अँटेनाला चहूबाजूंनी दिलेले ताण, म्हणजे आधाराच्या तिरप्या तारा, हे सगळे त्यात येते. विजेच्या धक्क्याने हेलिकॉप्टर पडते हा समज बव्हंशी चुकीचा आहे. घात होतो तो तारेच्या ताकदीने आणि हेलिकॉप्टरच्या वेगाने. विजेचा भाग प्रश्न १३ मध्ये आला आहे.

२. असे अपघात हेलिकॉप्टरचेच का होतात? विमानांचे होत नाहीत का?

विमानांचेही होतात. ३ फेब्रुवारी १९९८ रोजी इटलीतील कावालेसे गावाजवळ अमेरिकी मरीन दलाच्या प्राउलर विमानाने फार खालून जाताना रोपवेचा दोर तोडला. पाळणा कोसळून त्यातील वीसही जण मरण पावले. विमान मात्र इजा होऊनही तळावर परतले. ३० जुलै २०१६ रोजी टेक्सासमधील लॉकहार्टजवळ गरम हवेचा फुगा वीजवाहिन्यांना लागून त्यातील सोळाही जण दगावले. शेतीवर फवारणी करणारी लहान विमाने तर या बाबतीत हेलिकॉप्टरच्या बरोबरीनेच धोक्यात असतात.

तरीही हेलिकॉप्टरचे नाव अधिक ऐकू येते, याचे कारण त्याच्या कामात आहे. फवारणी, वीजवाहिन्यांची पाहणी, वणवा विझवणे, रस्त्यावरच्या अपघातातील जखमींना उचलणे, चित्रीकरण, गुरांचे कळप हाकणे, शत्रूच्या नजरेआड राहण्यासाठी झाडांच्या शेंड्यांलगत उडणे, ही सारी कामे ज्या उंचीवर चालतात तीच तारांची उंची आहे. प्रवासी विमान त्या थरातून फक्त धावपट्टीच्या आसपास, तेही अडथळे आधीच हटवलेल्या किंवा मोजलेल्या मार्गाने जाते.

३. एवढी लांबच लांब तार समोर असताना वैमानिकाला ती दिसत कशी नाही?

या प्रश्नामागे असे गृहीत धरलेले असते की, आपल्याला जमिनीवरून जी तार दिसते तीच वैमानिकाला दिसते. आपण तिच्याकडे खालून पाहतो, तेव्हा तिच्यामागे उजळ आकाश असते. वैमानिक ती वरून किंवा समोरून पाहतो. मागे झाडी, नांगरलेली जमीन, घरांची छपरे असतात आणि तार त्यांत विरून जाते. ॲल्युमिनियमची नवी तार उन्हात चकाकते, पण काही वर्षांत तिचा रंग मळकट राखाडी होतो. तांब्याची तार हिरवट पडते, म्हणजे झाडीसमोर ती जवळजवळ नाहीशीच होते.

थोडे गणित केले तर चित्र अधिक स्पष्ट होते. निरोगी डोळ्याची बारकावे ओळखण्याची मर्यादा साधारणपणे एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, एवढी धरतात. २ सेंटीमीटर जाडीची तार तेवढा कोन करते ती सुमारे ६९ मीटरवरून. स्वच्छ आकाशासमोरची लांब, काळी रेषा डोळा याहून कितीतरी दुरून पकडतो हे खरे, पण गुंतागुंतीच्या पार्श्वभूमीसमोर ही सवलत उरत नाही. १०० नॉटच्या वेगाने, म्हणजे ताशी १८५ किलोमीटरने जाणारे हेलिकॉप्टर ६९ मीटर अंतर जेमतेम सव्वा सेकंदात कापते.

आता दुसरी बाजू पाहावी. समोरून येणाऱ्या विमानाशी टक्कर टाळण्याच्या संदर्भात अमेरिकेचे विमान प्रशासन एक जुना हिशेब देते. वस्तू दृष्टीस पडणे, ती काय आहे हे ओळखणे, आपण तिच्यावरच चाललो आहोत हे ध्यानात येणे, काय करायचे ते ठरवणे, हात-पाय हलणे आणि मग विमानाने दिशा बदलणे, या साऱ्याला मिळून १२.५ सेकंद लागतात. वरच्या वेगाने तेवढ्या वेळात ६४० मीटरहून अधिक अंतर संपते. तारेच्या बाबतीत यातले काही टप्पे आखडते होतील, तरी सव्वा सेकंदात ते मावणार नाहीत.

याखेरीज समोरचा सूर्य, काचेवरचे ओरखडे आणि मेलेले किडे, काचेच्या चौकटीआड लपलेला दृश्याचा पट्टा या गोष्टी आहेतच. तारेची जागाही पक्की नसते. उन्हाने तापली की ती लांबते आणि गाळ्याच्या, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतराच्या, मध्यावर अधिक खाली झोल घेते. वाऱ्यात ती बाजूला झुलते. अंतराचा अंदाज तर डोळ्याला बांधताच येत नाही, कारण एकसारख्या उघड्या तारेवर नजर टेकवायला काही खूणच नसते.

४. मग तार आधीच माहीत असेल तर धडक टळतेच ना?

टळत नाही, आणि आमच्या मते या संपूर्ण विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा ब्युरोने तारांच्या धडकांचा अभ्यास केला, तेव्हा ६३ टक्के वैमानिकांना ती तार कोठे आहे हे धडकेपूर्वी ठाऊक होते, असे आढळले. न दिसणारी तार हे अर्धेच दुखणे आहे. उरलेले अर्धे म्हणजे दिसलेली, ओळखलेली आणि ऐनवेळी विसरलेली तार.

फवारणीचा एक नेहमीचा प्रसंग घ्यावा. शेताच्या कडेने वाहिनी जाते. वैमानिकाने सकाळी वरून घिरटी घालून ती पाहिली, हातातल्या नकाशावर पेनाने ओढली आणि पुढच्या वीस फेऱ्यांमध्ये दर वेळी ती बिनचूक टाळली. टाकी रिकामी होत आली तेव्हा कोपऱ्यातला एक तुकडा राहिलेला दिसला. तेवढ्यासाठी त्याने दिशा बदलून आडवी फेरी घेतली. फवारा शेजारच्या पिकावर तर जात नाही ना, हे पाहायला मान वळली. तार जिथे होती तिथेच होती. बदलली होती ती फक्त येण्याची दिशा.

म्हणूनच अनुभवी मंडळी काम सुरू करण्यापूर्वीच्या पाहणीवर जेवढा भर देतात, तेवढाच बेत ऐनवेळी न बदलण्यावर देतात. दिशा बदलायची असेल तर पुन्हा वर जावे, पुन्हा पाहावे आणि मगच खाली यावे. रेडिओवर बोलणे, फोन, वाफ्याचा हिशेब, सोबत्याशी गप्पा, यांपैकी काहीही तारेजवळ करू नये. लक्ष किती वेळ टिकते याला मर्यादा असते आणि तार त्या मर्यादेपेक्षा जास्त वेळ तिथे थांबलेली असते.

५. असे अपघात बहुधा रात्री किंवा धुक्यात होत असतील ना?

बहुतेक अपघात दिवसा, चांगल्या हवेत होतात, कारण खालून उडण्याची कामे त्याच वेळी चालतात. खराब हवेतले अपघात संख्येने कमी असले तरी त्यांची जात वेगळी असते: ढग खाली येतात, वैमानिक जमीन दिसत राहावी म्हणून आणखी खाली उतरतो, आणि वाट चुकू नये म्हणून रस्ता किंवा नदी धरतो. नेमक्या त्याच रस्त्याला आणि नदीला तारा आडव्या जातात. २५ ऑक्टोबर १९९१ रोजी कॅलिफोर्नियातील व्हॅलेहोजवळ संगीत कार्यक्रमांचे प्रख्यात आयोजक बिल ग्रॅहम यांचे हेलिकॉप्टर रात्री वादळी पावसात २२३ फूट उंचीच्या वीजमनोऱ्याला धडकले आणि त्यातील तिघेही मृत्युमुखी पडले. रात्रदृष्टीच्या चष्म्यांनी डोंगर, झाडे आणि खांब दिसतात, परंतु बारीक तारा त्यांतूनही सहसा निसटतात.

६. हेलिकॉप्टर इतके जड आणि तार इतकी बारीक. मग तारच का तुटत नाही?

कधीकधी तुटतेही, आणि घरगुती जोडणीची हलकी तार तोडून हेलिकॉप्टर पुढे गेल्याचीही उदाहरणे आहेत. पण वीजवाहिनीची तार ॲल्युमिनियमची दिसली तरी तिच्या पोटात बहुधा पोलादी गाभा असतो, आणि ती मैलभर ताण सोसण्यासाठीच बनवलेली असते.

ती कोठे लागते यावर पुढचे सारे ठरते. पुढच्या काचेला लागली तर काच फोडून आत येते किंवा वर घसरत जाऊन रोटरच्या, म्हणजे फिरत्या पात्यांच्या, उभ्या दांड्याला भिडते. तिथे पात्यांचा कोन बदलणारे बोटाएवढ्या जाडीचे दांडे असतात; त्यांतला एक वाकला किंवा तुटला की हेलिकॉप्टर वैमानिकाच्या हातात राहत नाही. तार फिरत्या दांड्याभोवती गुंडाळली गेली तर तुटलेले टोक चाबकासारखे फिरून शेपटीपर्यंत पोचते. खालच्या स्किडमध्ये, म्हणजे हेलिकॉप्टर ज्यावर टेकते त्या दांड्यांमध्ये, अडकली तर नाक खाली जाऊन हेलिकॉप्टर पुढे कोलमडते. शेपटीच्या रोटरला लागली तर मुख्य रोटरमुळे निर्माण होणारी उलट फिरकी रोखणारे काहीच उरत नाही आणि सारे यंत्र स्वतःभोवती गरगरू लागते.

७. सर्वांत जास्त घात कोणती तार करते?

मनोऱ्याच्या माथ्यावरची अर्थ वायर. वीज वाहणाऱ्या तारा जाड असतात, इन्सुलेटरच्या माळांना टांगलेल्या असतात आणि तीन-तीनच्या संचात असल्यामुळे थोड्याफार दिसतात. त्यांच्या वर, आकाशातली वीज अंगावर घेण्यासाठी, एक किंवा दोन बारीक पोलादी तारा मनोऱ्यांच्या शेंड्यांवरून जातात. वैमानिकाला जाड तारा अचानक दिसतात, तो झटक्यात हेलिकॉप्टर वर खेचतो, आणि वरची बारीक तार त्याच वाटेवर असते.

दुसरा क्रमांक खांबांच्या ताणांचा आणि मुख्य वाहिनीपासून एखाद्या पंपाकडे किंवा घराकडे जाणाऱ्या एकुलत्या एक जोडणीचा लावता येईल, कारण मोठी वाहिनी सापडली की शोध संपल्यासारखे वाटते.

८. वैमानिक तारा शोधतात तरी कशा?

तारा शोधतच नाहीत, खांब शोधतात. खांब दिसला की तार आहे असे धरायचे, ती दिसो वा न दिसो. खांबावरचे आडवे हात ज्या रेषेत असतील तिला काटकोनात तारा जातात. ज्या खांबाला ताण दिलेला असतो तिथे वाहिनी बहुधा वळते किंवा संपते. दोन खांबांमधल्या जंगलात सरळ कापलेला मोकळा पट्टा, ओसाड जागी एकटे घर, नदीकाठचा पंप, टेकडीवरचे प्रसारण केंद्र, या सगळ्या ठिकाणी वीज कुठून तरी आलेलीच असते. ती कुठून आली याचे उत्तर मिळेपर्यंत खाली उतरायचे नाही.

वाहिनी ओलांडताना गाळ्याच्या मध्यावरून न जाता खांबाच्या किंवा मनोऱ्याच्या डोक्यावरून जावे, असे शिकवले जाते. सर्वांत उंच बिंदू तोच असतो आणि अर्थ वायर त्याहून वर जाऊच शकत नाही. शक्य असेल तेव्हा तिरकस दिशेने जावे, म्हणजे मागे फिरणे सोपे जाते.

या पद्धतीचा एक मोठा अपवाद दऱ्यांचा आहे. दरीवरच्या वाहिनीचे दोन्ही मनोरे समोरासमोरच्या कड्यांवर, झाडीत लपलेले असतात. ग्रीनलंडमधील आमेरालिक फियॉर्डवरचा गाळा ५,३७६ मीटरचा आहे, म्हणजे एका आधारापासून दुसरा पाच किलोमीटरहून दूर. तिथे खांब पाहून तार ओळखण्याची युक्ती चालणार कशी? अशा दरीत शिरण्यापूर्वी नकाशा, स्थानिक लोकांकडची माहिती आणि दोन्ही कड्यांची उंचीवरून केलेली पाहणी एवढेच हाती असते.

९. तारांवर नारिंगी गोळे असतात ते कशासाठी? ते सगळ्याच तारांवर का लावत नाहीत?

ते वैमानिकांसाठीच असतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकांनुसार गोळ्याचा व्यास किमान ६० सेंटीमीटर असावा लागतो. त्या आकाराचे गोळे असतील तर दोहोंतले अंतर ३० मीटरपर्यंत ठेवतात. १३० सेंटीमीटर किंवा त्याहून मोठे असतील तर ४० मीटरपर्यंत चालते. पांढरा आणि नारिंगी किंवा पांढरा आणि लाल असे आलटून पालटून लावण्याचे कारण असे की, पार्श्वभूमी कोणतीही असली तरी दोहोंपैकी एक रंग उठून दिसावा. गोळे वाहिनीतल्या सर्वांत वरच्या तारेच्या पातळीखाली असू नयेत, अशीही अपेक्षा असते. कारण प्रश्न ७ मध्ये दिले आहे. तारांवर दिसणाऱ्या लहान, पिळदार नळ्या मात्र पक्ष्यांसाठी असतात आणि त्यांचा वैमानिकांना फारसा उपयोग नाही.

नद्या, दऱ्या, महामार्ग ओलांडणाऱ्या आणि धोक्याच्या ठरलेल्या वाहिन्यांपुरतेच गोळे लावण्यामागे वजन, वाऱ्याचा भार आणि खर्च ही कारणे आहेत. अमेरिकेत साधारणपणे २०० फुटांहून, म्हणजे ६१ मीटरहून उंच बांधकामांना खुणा करण्याचा विचार होतो. गावोगाव पसरलेल्या वाहिन्या त्याच्या कितीतरी खाली असतात आणि हेलिकॉप्टरचे काम तिथेच चालते. गोळा दिसला तर तार नक्की आहे. गोळा दिसला नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही.

१०. इतक्या खाली उडायला कायद्याने बंदी नाही का?

सर्वसाधारण नियम असा आहे की, दाट वस्तीवर ६०० मीटरच्या परिघातील सर्वांत उंच अडथळ्यापेक्षा ३०० मीटर वर आणि इतरत्र जमिनीपासून किंवा पाण्यापासून १५० मीटर वर उडावे. उड्डाण आणि उतरणे याला अपवाद आहे, तसेच विशेष परवानगीने चालणाऱ्या कामांनाही. अमेरिकेसारख्या काही देशांत खाली कोणाला धोका होत नसेल तर हेलिकॉप्टरला या मर्यादेखालीही उडता येते.

नियम पाळला की तारांपासून सुटका झाली, असेही समजू नये. दरीच्या तळापासून १५० मीटरवर उडणारा वैमानिक नियमात असतो, आणि कड्यापासून कड्यापर्यंत गेलेली वाहिनी त्याच्याही वर असू शकते.

११. हेलिकॉप्टरच्या नाकावर आणि छतावर करवतीसारखे काहीतरी दिसते, ते तार कापण्यासाठी असते का?

होय. १९७० च्या दशकात कॅनडातील ब्रिस्टल एरोस्पेस या कंपनीने ही रचना विकसित केली, आणि त्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी लष्करासाठी नासाच्या लँगली केंद्रात टांगलेले हेलिकॉप्टर झोक्यासारखे सोडून तारांवर आदळवून तिच्या चाचण्या झाल्या. तिच्यात कोणतेही इंजिन, स्फोटक किंवा वीज नसते. छतावर एक आणि नाकाखाली एक अशी दोन चिमटेवजा धारदार पाती असतात. काचेच्या मधल्या पट्टीवर दातेरी धार बसवलेली असते. काचेला लागलेली तार त्या धारेवरून ओरखडे घेत वर किंवा खाली सरकते आणि हेलिकॉप्टरच्या स्वतःच्या वेगाने चिमट्यात ओढली जाऊन तुटते. साधारण १० मिलिमीटर जाडीच्या पोलादी दोराला ही रचना पुरी पडते.

१२. म्हणजे कटर बसवला की हेलिकॉप्टर सुरक्षित झाले?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना मनातून होकार हवा असतो, पण तसे म्हणता येत नाही. कटरला वेग लागतो. हेलिकॉप्टर एका जागी तरंगत असेल, मागे किंवा आडवे सरकत असेल, तर तारेला चिमट्यात ढकलणारे काहीच नसते. नाक फार वर किंवा खाली असेल तरीही तार चिमट्याला चुकवून जाते. कटर फक्त समोरचा भाग सांभाळतो. वर फिरणारी पाती आणि मागचा शेपटीचा रोटर त्याच्या आवाक्याबाहेर असतात, आणि मोठ्या वाहिनीची जाड तार किंवा रोपवेचा दोर त्याच्या ताकदीबाहेर. कटर बसवावाच, पण तो तारेशी झालेल्या एका विशिष्ट प्रकारच्या भेटीपुरता आहे हे लक्षात ठेवून.

१३. तारेत वीज चालू असेल तर आतल्या माणसांना धक्का बसतो का?

तारेवर बसलेल्या पक्ष्याला बसत नाही, त्याच कारणाने बहुधा बसत नाही: हवेतल्या हेलिकॉप्टरचा जमिनीशी संपर्क नसतो. उच्च दाबाच्या चालू वाहिन्यांची दुरुस्ती करणारे कामगार तर हेलिकॉप्टरच्या बाजूच्या फळीवर बसून, वीजवाहक धाग्यांचा पोशाख घालून काम करतात. आधी एका धातूच्या दांडीने तार आणि हेलिकॉप्टर यांचा विद्युतदाब समान करून घेतात आणि मगच हात लावतात. मात्र हेलिकॉप्टरचे दोन भाग दोन वेगवेगळ्या तारांना, किंवा एक भाग तारेला आणि दुसरा मनोऱ्याला लागला तर प्रचंड ठिणगी उडते, धातू वितळतो आणि आग लागू शकते. हेलिकॉप्टर जमिनीवर पडल्यानंतर परिस्थिती पूर्ण उलटते. त्यासाठी प्रश्न १७ पाहावा.

१४. आजच्या काळात तारा ओळखणारे यंत्र नाही का?

आहे, एकच नव्हे तर तीन प्रकारची, आणि तिन्ही अपुरी. पहिला प्रकार वाहिनीभोवतीचे ५० किंवा ६० हर्ट्झचे क्षेत्र ओळखून इशारा देतो. वीज बंद असलेली वाहिनी, टेलिफोनची तार, रोपवे आणि एकदिश प्रवाहाच्या वाहिन्या त्याला कळत नाहीत. दुसरा लेसरने समोरचा भाग झाडून काढतो. जर्मनीच्या संघराज्य पोलिसांच्या हेलिकॉप्टरवर बसवलेली हेलास ही प्रणाली या प्रकारची. ती बारीक तारही दुरून पकडते, पण दाट धुक्यात मंदावते आणि महाग असते. तिसरा प्रकार म्हणजे नकाशावर नोंदवलेले अडथळे दाखवणारे यंत्र. त्यात जे नोंदले आहे तेवढेच दिसते, आणि मागच्या आठवड्यात उभारलेला लाकूडतोडीचा दोर कोणीही नोंदलेला नसतो.

नॉर्वेत याच्या उलट बाजूने विचार झाला. तिथल्या एका प्रणालीत मनोऱ्यावरचे रडार जवळ येणारे विमान ओळखते, दिवे पेटवते आणि तरीही ते वळले नाही तर रेडिओवरून इशारा देते. मोजक्या धोकादायक वाहिन्यांसाठी हे उत्तम आहे. या सर्व यंत्रांबाबत एकच खबरदारी सांगावीशी वाटते: यंत्र गप्प असणे याचा अर्थ तार नसणे असा घेऊ नये.

१५. इंजिन बंद पडून रस्त्यावर उतरायची वेळ आली तर?

वरून पाहताना रस्ता ही सर्वांत मोकळी, सपाट जागा वाटते, पण रस्त्याच्या कडेने तारा जातात आणि मधूनमधून तो ओलांडतातही. ८ मे २०२५ रोजी उत्तरकाशी जिल्ह्यात कोसळलेल्या हेलिकॉप्टरबाबतच्या प्राथमिक अहवालात, गंगोत्रीच्या रस्त्यावर उतरण्याच्या प्रयत्नात मुख्य रोटरचे पाते रस्त्याला समांतर जाणाऱ्या केबलला लागल्याची नोंद आहे. सातपैकी सहा जणांचा मृत्यू झाला. पर्याय असेल तर मोकळे शेत बरे. पर्याय नसेल तर तारांना समांतर, एका बाजूने उतरावे, आणि ओलांडायला उंची पुरणार नाही असे वाटले तर अलीकडेच उतरावे.

१६. आमच्या मैदानात हेलिकॉप्टर उतरणार आहे. आम्ही काय पाहावे?

मैदानाच्या कडेने आणि हेलिकॉप्टर ज्या दिशेने येणार व जाणार त्या दिशेने बरेच अंतर पायी चालावे, प्रत्येक खांबापाशी थांबून मान वर करावी, आणि तेथून निघणाऱ्या सर्व तारांची नोंद करावी. गाडीतून फेरी मारून हे काम होत नाही. वैमानिकाला ‘सगळे ठीक आहे’ असे न कळवता ‘उत्तरेला रस्त्यालगत तीन तारा, झाडांच्या शेंड्याएवढ्या उंचीवर, पूर्वेकडून पश्चिमेकडे’ असे कळवावे. बचाव पथके कधीकधी तारेच्या बरोबर खाली दिवे लावलेली गाडी उभी करतात. ही साधी युक्ती फार उपयोगी आहे. ऐनवेळी बांधलेल्या पताका, मंडपाचे दोर आणि ध्वनिक्षेपकाच्या वायरी यांचाही तारांतच हिशेब करावा.

उतरणे सुखरूप झाले म्हणजे काम संपले असे मात्र नाही. २५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यातील निलंगा येथे तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उड्डाणानंतर लगेचच तारांमध्ये अडकून खाली आले होते. सुदैवाने सर्वजण बचावले. उन्हाळ्यातल्या विरळ, तापलेल्या हवेत रोटरची उचल कमी पडते आणि चढण्याचा वेग मंदावतो, त्यामुळे येताना सहज ओलांडलेली तार जाताना ओलांडता येईलच असे नसते.

१७. पडलेल्या हेलिकॉप्टरजवळ तारा लोंबत असतील तर मदतीला धावावे का?

धावू नये. पडलेल्या तारेभोवतीच्या जमिनीत विजेचा दाब पसरलेला असतो आणि तो पावलागणिक बदलतो. म्हणून मोठे पाऊल टाकले तर दोन पायांमधूनच प्रवाह वाहू शकतो. किमान १० मीटर दूर राहावे, उच्च दाबाची वाहिनी असेल तर त्याहून बरेच अधिक, आणि वीज कंपनीकडून वाहिनी बंद करून जमिनीशी जोडल्याची (अर्थिंग केल्याची) खात्री मिळेपर्यंत पुढे जाऊ नये. ठिणग्या थांबल्या म्हणजे वीज गेली असे नव्हे. अनेक वाहिन्यांवरची स्वयंचलित यंत्रणा बिघाडानंतर काही सेकंदांनी वीज पुन्हा सोडून पाहते.

आतल्यांनी शक्यतो आतच थांबावे. आग लागल्यामुळे बाहेर पडणे भागच असेल तर हेलिकॉप्टर आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श होऊ न देता, दोन्ही पाय जुळवून उडी मारावी आणि पाय न उचलता लहान लहान पावले घसटत दूर जावे.

१८. तारेलाच धडक झाली, हे तपास करणाऱ्यांना कसे कळते?

तुटलेली तार पुष्कळ बोलते. पाते लागलेल्या जागी तिच्यावर रंगाचे ओरखडे राहतात आणि पात्यावर ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याचा लेप उमटतो. ताणाने तुटलेल्या, कापल्या गेलेल्या आणि ठिणगीने वितळलेल्या टोकांचे रूप वेगवेगळे असते. शिवाय वीज केंद्रातल्या नोंदीत वाहिनी कोणत्या क्षणी बंद पडली हे सेकंदासह सापडते, आणि अनेकदा अपघाताची नेमकी वेळ तिथूनच मिळते.

१९. सगळ्या तारा जमिनीखाली का नेत नाहीत?

शहरांत नेतातही. लांब पल्ल्याच्या उच्च दाबाच्या वाहिन्यांसाठी मात्र खर्च अनेक पटींनी वाढतो, दुरुस्तीला वेळ लागतो आणि प्रत्यावर्ती प्रवाहाच्या लांब भूमिगत केबलमध्ये तांत्रिक अडचणीही येतात. हेलिकॉप्टरच्या दृष्टीने पाहिले तरी रोपवे आणि अँटेनांचे ताण त्यानंतरही उरतीलच.

२०. तार तुटली, पण हेलिकॉप्टर व्यवस्थित उडते आहे. मग तळापर्यंत जायला काय हरकत आहे?

हा प्रश्न फवारणी करणाऱ्यांकडून येतो, आणि त्यामागची अडचण समजण्यासारखी आहे. शेतात उतरले की मेकॅनिक बोलवा, काम थांबवा, जाब द्या. तरीही पहिल्या सुरक्षित जागी, हलक्या हाताने उतरावे. प्रश्न ६ मध्ये सांगितलेले दांडे अर्धवट चिरलेले असले तरी काही मिनिटे काम देतात. पात्याच्या आतली इजा वरून दिसत नाही, आणि तारेचा तुकडा स्किडला अडकून शेपटीकडे लोंबत असेल तर तो वेग बदलताच मागच्या रोटरमध्ये जाऊ शकतो. तुकडा काढून टाकला, डोळ्यांना काही दिसले नाही, म्हणून स्वतःच्या निर्णयाने पुन्हा उड्डाण करू नये. रोटर आणि नियंत्रणाचे सर्व भाग तंत्रज्ञाने उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे तपासल्याशिवाय ते हेलिकॉप्टर उड्डाणयोग्य राहत नाही.

उतरल्यावर पहिला फोन वीज कंपनीला करावा, कारण मागे राहिलेली तार एखाद्या पायवाटेवर लोंबत असेल आणि तिच्यात अजून वीज असेल. मालकाला दुसरा फोन केला तरी चालतो.